साहेबाच्या वतीनं शपथ

फोन वाजला की आप्पा ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘कुठं?’ म्हणत. सगळी नोकरी अग्निशामक दलात फोनवर बसून झाली. तिथं कुणी ख्यालीखुशाली विचारायला फोन करत नाही. घंटी वाजली म्हणजे कुठंतरी पेटलंय, बुडालंय, नाहीतर भिंत कोसळलीय. रिटायर झाले तरी ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. लेकीचा फोन आला तरी ‘कुठं?’ ती पलीकडून सांगायची, “घरातच हाय आप्पा. भात टाकलाय.”

मी त्यांच्या घरात खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते आणि डबे करून देत होते. आप्पा जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. पेठेत त्यांचं नाव निघालं की एकच गोष्ट सांगतात, ह्या माणसानं टीमच्या परदेशी मालकाकडून पैसे खाल्ले. मी तेव्हा त्या घरात होते. तसं काही झालेलं नाही. झालं ते वेगळंच.

आप्पा भित्रे होते. दुसरा शब्द नाही. घराबाहेर पडताना विजेचं मेन बटण बंद करायचे, मग भाडेकरू अंधारात बसोत. रात्री जेवणं झाली की माझ्या दारावर टकटक करून विचारायचे, “आक्का, गॅस बंद केला न्हवं?” मी म्हणायची, केला. दार लावून आत वळते न वळते तोच परत टकटक. “नळीचं बटण का शेगडीचं?” निघालेल्या प्रत्येक माणसाला ‘जपून जावा’ म्हणायचे. शेजारच्या घरात जाणाऱ्यालाही. मला त्यांचा राग यायचा, पण भाडं कधी वाढवलं नाही आणि पाणी कधी तोडलं नाही, म्हणून राहिले.

असा माणूस फुटबॉलचा वेडा. आमच्या पेठेत तालीम आहे, तालमीची टीम आहे. सीझन सुरू झाला की घरात आजारी माणूस असला तरी आधी मॅचचा निकाल विचारतात, मग औषधाचं. आप्पा एकही मॅच चुकवत नसत. पण बघत मात्र नसत. एकदा त्यांची लेक मला बळंच स्टेडियमवर घेऊन गेली तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. सगळी माणसं मैदानाकडं तोंड करून बसलेली आणि आप्पा एकटे मैदानाकडं पाठ करून, आपल्या माणसांच्या तोंडाकडं बघत. तोंडं उघडली की यांनी डोळे मिटायचे. मागचा एक पोरगा ओरडला, “आप्पा, फिरा की तिकडं! आमची थोबाडं बघायला तिकीट काढलंय व्हय?” आप्पा म्हणाले, “मी बघितलं की गोल बसतोय आपल्यावर.” आपली टीम एक गोलनं पुढं गेली की त्यांचा चेहरा जास्त पडायचा. आता आपल्याकडं गमवायला काहीतरी आहे, हे त्यांना सोसायचं नाही.

मग साहेब आला. फौंड्रीतून माल घेऊन जाणारा परदेशी माणूस, गोरा, उंच, मानेवर कायम उन्हाचा लाल चट्टा. फौंड्रीवाल्यांनी त्याला करमणूक म्हणून एक मॅच दाखवली. तो तिथंच पाघळला. त्याच्या गावात म्हणे सगळं शहर असं एका मैदानासाठी भांडत होतं, पण त्याच्या आजोबांच्या काळात. त्यानं आमची टीम घेतली. म्हणजे खर्च त्याचा, जर्सीवर नाव त्याच्या कंपनीचं, बाहेरचे दोन खेळाडू त्यानं आणलेले. तालमीतली पोरं त्याला ‘आमचा मालक’ म्हणायला लागली. मालक म्हणताना त्यांची छाती फुगायची. दुसऱ्या पेठेकडं असला मालक नव्हता.

त्याच वर्षी आम्ही कप जिंकला. साहेबाला फेटा बांधला, गुलालात बुडवला, खांद्यावर बसवून तालमीत आणला. तिथं जे झालं ते आप्पांच्या भीतीनं झालं. सगळे नाचत होते आणि यांच्या मनात आलं, हा माणूस उद्या गेला तर?

तालमीचे अध्यक्ष म्हणाले, “कागद केलाय की आप्पा. सही हाय साहेबाची.”

“कागद फाटतोय,” आप्पा म्हणाले. “भंडारा उचलू दे त्याला.”

आमच्याकडं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शब्द दिला की तो मोडत नाहीत. गावाकडं निवडणुकीत मतंसुद्धा अशीच बांधतात. तालमीतल्या मारुतीपुढं ताटली आली. साहेबाला वाटलं हा सत्काराचाच भाग आहे. त्यानं हसत हसत ताटलीवर हात ठेवला, फोटो निघाले. पण शपथेचे शब्द त्याला येईनात. एक-दोनदा प्रयत्न केला, माणसं हसायला लागली. मग आप्पांनी त्याच्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि त्याच्या वतीनं स्वतःच बोलले. ही टीम सोडणार न्हाय. सोडली तर घराण्याचा दिवा विझंल.

टाळ्या झाल्या. आप्पा घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. मी भांडी घासत होते. म्हणाले, “आक्का, शपथ कुणाची धरतात? ज्याच्या तोंडातनं निघाली त्याची, का ज्याच्या नावानं घेतली त्याची?”

मी म्हणाले, “आधी आंघोळ करा, अंगावरचा गुलाल काढा.”

“न्हाय, सांगा की.”

“मला काय ठाऊक? तुम्हीच बोललात न्हवं?”

हे मी चिडून बोलले होते. त्यांनी ते तसंच उचललं. त्या दिवसापासून आप्पांच्या मनानं घेतलं की साहेबानं टीम सोडली तर फटका साहेबाला नाही, आपल्या घराला बसणार. घर म्हणजे तरी कोण? बायको कधीच गेलेली. एक लेक. तिला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. आणि नेमकं त्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले.

माणसं असल्या बातमीनं पेढे वाटतात. आप्पांनीही वाटले. पण तालमीत पेढा देताना प्रत्येकाला विचारत होते, “साहेब बरा हाय न्हवं?”

साहेब आधी शाहूपुरीतल्या मोठ्या हॉटेलात उतरायचा. पुढच्या सीझनला आला तो आप्पांच्या माडीवरच्या खोलीत राहायला. पेठ खूश. बघा किती साधा माणूस, आपल्यात राहतोय. आप्पा एकटे सोडून. ते मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “एसीत झोपणारा माणूस आपल्या माडीवर कशाला येईल, आक्का?”

त्याचं जेवण माझ्याकडं होतं. तो मला ‘आका’ म्हणायचा, भाकरी हातानं मोडायला शिकला होता, तांबड्या रश्श्यानं नाक गळायचं तरी वाटी संपवायचा. मी बघत होते. शर्ट स्वतः धूत होता. बुटाचा तळ सुटला तो गोंद लावून त्यानंच चिकटवला. फोन आला की गच्चीत जायचा आणि खाली येताना जिन्याच्या अर्ध्यावर थांबायचा, चेहरा नीट करून मग उतरायचा. असा चेहरा नीट करणारी माणसं मी खूप बघितलीत. आप्पांना मी काही सांगितलं नाही. सांगून त्यांची झोप काय वाढणार होती?

पण बातमी आलीच. आमच्या घरापुढच्या कट्ट्यावर संध्याकाळी तालमीची माणसं बसायची. एक रिक्षावाला होता, मोठ्या तोंडाचा, टीमचा पहिल्या नंबरचा भक्त. आणि शाहूपुरीत धान्याचं दुकान असलेले एक जैन शेठ, धंद्यातलं कळणारे म्हणून त्यांचा शब्द चालायचा. रिक्षावाल्यानं मोबाईल शेठच्या नाकापुढं धरला. साहेबाच्या देशातली बातमी होती. कंपनीच्या गेटाला कुलूप आणि बाहेर कामगार उभे.

शेठनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले, “बँकेनं ताबा घेतलाय. आता ह्याच्या हातात काय न्हाय.”

“म्हंजे आपली टीम पण बँकेची?” कुणीतरी विचारलं.

“येडा हायस काय? बँक काय गोलकीपर उचलून नेणार हाय?” रिक्षावाला म्हणाला. पण हसला नाही.

“जर्सीवर नाव त्याचं हाय.”

“पुसून टाकायचं.”

“मग एन्ट्री कोण भरणार? बाहेरच्या दोघांचं कोण बघणार? तुझा मीटर?”

“त्यानं कप दिलाय आपल्याला, विसरू नगा.”

“कप दिलाय म्हणून पळून जायाला देऊ व्हय? पासपोर्ट काढून घ्या त्याचा. सगळ्यांचं भागवल्याबिगर पेठ सोडायची न्हाय.”

“आणि भागवायला नसलं तर?”

“तर कळंबा कुठं लांब हाय?” म्हणजे तुरुंग.

शेठ म्हणाले, “तुमी त्याला कोंडलासा तर कळंब्याला तुमीच जाशीला.”

एवढं सगळं त्या माणसाच्या खोलीखाली चाललं होतं. वर दिवा लागलेला होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण आपल्याबद्दल बोलताहेत हे कळायला भाषा लागत नाही. मला टीमचं काही पडलेलं नव्हतं. माझ्या हातची भाकरी खाणाऱ्या माणसाला उद्या जिन्यात धरून मारलं असतं तर तो जिना मलाच धुवायला लागला असता, आणि तो मला धुवायचा नव्हता.

आप्पा कट्ट्याच्या टोकाला बसले होते. लेक बाळंतपणाला आलेली, आठवा सरत आलेला, ती दारात उभी राहून ऐकत होती. आप्पा तिच्याकडं बघत होते.

पुढं रोज कट्टा भरायला लागला. पूर्वी चहा पिऊन उठायचे, आता उठेनात. दोन पोरं आळीपाळीनं गाडी लावून समोरच्या पानपट्टीवर बसायची, साहेब कुठं जातो बघायला. आप्पांनी जेवण सोडलं. दुपारी लेक झोपली की तिच्या खोलीच्या दाराशी उभे राहून श्वास चालू आहे का ऐकायचे. तिनं एकदा डोळे उघडून विचारलं, “काय ओ आप्पा?” म्हणाले, “काय न्हाय. कुठं दुखतंय?” “कुठंच न्हाय.” ह्या उत्तरानं ते जास्त घाबरले.

मग एका सोमवारी, पेठ जेवून आडवी झालेली असताना, ते माझ्याकडं आले. हातात एक लहान कापडी पिशवी. “आक्का, चला. साक्षीला कोणतरी पायजे.”

“कसल्या साक्षीला?”

“शपथ सोडवायची. बांधताना दोन हात होते, सोडताना तेच दोन हात पायजेत. नदीत सोडली म्हंजे मोडली असं होत न्हाय.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी न्हाय. असंच असलं पायजे.”

साहेबाला त्यांनी खुणेनंच बोलावलं. पानपट्टीवरचा पोरगा डुलकी घेत होता. रिक्षानं पंचगंगेच्या घाटावर गेलो. थंडीचे दिवस, तरी दुपारच्या उन्हानं पायऱ्या तापलेल्या. आप्पांनी पिशवीतून बेलाचं पान काढलं, भंडारा काढला, साहेबाच्या हातात दिला, त्यावर आपला हात ठेवला आणि पुटपुटले. दोघांनी मिळून ते पाण्यात सोडलं. पिशवीत थोडा भंडारा उरला होता, तो साहेबानं झटकला आणि पिशवी आप्पांच्या हातात परत दिली. पाणी पिवळं झालं, लगेच साफही झालं.

“फिनिश,” आप्पा म्हणाले. त्यांच्याकडं इंग्रजी नोकरीपुरतंच होतं. “यू गो, नो फायर.”

साहेब त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला काय कळलं देव जाणे. त्याचे डोळे भरले आणि त्यानं आप्पांना मिठी मारली. आप्पा लाकडासारखे उभे. मला म्हणाले, “चला आता. लेक एकटी हाय.”

दुसऱ्या दिवशी साहेब गेला. दिवसाढवळ्या फिरायला निघाल्यासारखा पाठीला एक सॅक लावून गेला, पानपट्टीवरच्या पोरांनाही संशय आला नाही. वाटेत कुठंतरी त्यानं गाडी ठरवलेली असणार. गगनबावड्याच्या घाटानं कोकणात उतरला आणि तिथून पुढं गेला, असं नंतर कळलं. माझ्यासाठी ओट्यावर त्याचं चांगलं पेन ठेवलं होतं. मी ते कुणाला दाखवलं नाही.

संध्याकाळपर्यंत पेठ पेटली. त्यात कुणीतरी सांगितलं, काल घाटावर साहेबानं आप्पांच्या हातात पिशवी दिलेली मी बघितली. बास. पिशवी म्हटल्यावर आत काय असणार, हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं.

पहिला दगड आमच्या पत्र्यावर पडला तेव्हा मी कणीक मळत होते. आवाज असा झाला की लेक पोट धरून खाली बसली. दुसरा खिडकीला लागला. बाहेर गर्दी केवढी होती सांगता येणार नाही, गल्ली दिसत नव्हती एवढं खरं. ह्याच माणसांनी माझ्याकडं चहा प्यायला होता. आत्ता त्यांच्या तोंडांत मला एकही ओळखीचं दिसेना. मी दाराला आतून लाकडी पाट लावला आणि लेकीला मागच्या खोलीत नेलं. “आक्का, आप्पांना बाहेर जाऊ देऊ नगा,” म्हणत होती. पण तोवर ते पाट बाजूला सारून, दार उघडून पायरीवर उभे होते. असा भित्रा माणूस, पण त्या दिवशी आत राहिला नाही.

अध्यक्षांनी हात वर करून दगड थांबवले. म्हणाले, “आप्पा, पिशवीत काय होतं?”

आप्पा मागं वळून दाराकडं बघायला लागले. मग मीच बाहेर आले. “भंडारा होता. मी होते तिथं. आप्पा शपथ सोडवायला गेले होते.”

गर्दीतून पहिल्यापेक्षा मोठा आवाज उठला. रिक्षावाला ओरडला, “शपथ सोडवायला हा कोण? टीम काय ह्याच्या बाची हाय?”

“तुमीच बांधलासा, तुमीच सोडलासा, आणि आमाला इचारलं पण न्हाय!”

अध्यक्ष म्हणाले, “शपथेचं बघू मागनं. पैसे घेतलेत का न्हाई एवढंच सांगा.”

“न्हाय घेतले,” आप्पा म्हणाले. आवाज एवढा बारीक की मागच्यांना ऐकू गेला नाही.

शेठ पुढं आले. त्यांना मनापासून हे मिटवायचं होतं. “आप्पा, माझा तुमच्यावर संशय न्हाय. पण पोरं ऐकायची न्हाईत. तालमीतनं ताटली आणतो, भंडारा उचला, घेतले न्हाईत म्हणा आणि मोकळं व्हा. कोण एक शब्द काढणार न्हाय.”

“मी उचलते,” मी म्हणाले.

“तुमी भाडेकरू. तुमचं काय?” कुणीतरी म्हणालं.

ताटली आली. मारुतीपुढचीच. गर्दी मागं सरली, वाट झाली. रिक्षावाल्यानं स्वतः ती आप्पांच्या पुढं धरली. आता त्याचाही आवाज खाली आला होता. “उचला की आप्पा. खरं असलं तर काय भ्यायचं?”

मला हायसं वाटलं. संपलं, म्हटलं. एक मिनिटाचं काम. सगळी पेठ हेच ऐकायला उभी होती, बहुतेकांना विश्वास ठेवायचाच होता. लेक भिंतीला धरत धरत दारात आली होती. तीही म्हणाली, “उचला आप्पा. खरंच हाय न्हवं? मग उचला.”

आप्पांनी तिच्याकडं वळून बघितलं. तिच्या तोंडाकडं नाही, पोटाकडं. ताटलीकडं बघितलं. त्यांचे हात पुढं यायला लागले, मी बघितलं, आणि अर्ध्यावरून माघारी गेले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागं बांधले.

“आता न्हाय,” म्हणाले. “खरं असलं तरी न्हाय. मी परत त्याला हात लावणार न्हाय.”

कुणी दगड मारला नाही. कुणी शिवी दिली नाही. रिक्षावाल्यानं ताटली हळूच खाली घेतली, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली आणि निघाला. त्याच्यामागून एकेक जण. शेठनी जाताना आप्पांकडं पाहिलं नाही. मला त्या दगडांपेक्षा ह्या जाण्याचं भय जास्त वाटलं. दगड मारणारा माणूस परत येतो. ही माणसं परत येणार नव्हती.

आणि आली नाहीत. कट्टा मोकळा राहिला. टीम त्या वर्षी उतरली नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्याच नावाची जर्सी घालून उतरली. आप्पांना तिकीट द्यायला तालमीतलं कुणी आलं नाही. वाण्याच्या दुकानात गेले की बोलणं थांबायचं. नाव कायमचं गेलं, तेही त्यांनी न केलेल्या गोष्टीसाठी.

लेकीला मुलगी झाली. धडधाकट, काळेभोर जावळ, आवाज असा की अख्ख्या आळीला जाग यायची. बारशाला मी घुगऱ्या शिजवल्या. तालमीतल्यांना धरून माप घेतलं होतं. मोठं पातेलं जवळजवळ तसंच राहिलं. घरातली चार बायका-माणसं जेवली.

दुपारी मी ते पातेलं उचलून आत नेत होते. आप्पा सोप्यात नातीला मांडीवर घेऊन बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, “आप्पा, नुसता हात लावला असता तर आज हे घर माणसांनी भरलं असतं. ही पोरगी तरीही अशीच झाली असती. काय मिळालं तुम्हाला एवढ्या पेठेत चोर ठरून?”

त्यांनी वर बघितलं नाही. तोंडावर बोट ठेवलं.

“हळू बोला, आक्का,” म्हणाले. “झोपलीया.”